हलक्यातले पंख

दुकानात गिऱ्हाईक नसलं की लोक माशा मारत बसतात. मी त्या वर्षी माशा बांधत बसले होते.

लाखनीला हायवेच्या कडेला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, चेन बदलून मिळेल. समोरून दिवसभर ट्रक जातात आणि त्यांची धूळ माझ्या काउंटरवर उतरते. अशा दुकानात पन्नाशीला टेकलेली बाई शिलाई मशीनच्या पायाखाली कापडाऐवजी मासे धरायचा गळ दाबून त्याला नखाएवढे पंख लावताना दिसली, तर बायांनी काय समजावं? एकीने दबक्या आवाजात विचारलं की ताई, करणी वगैरे तर नाही ना. मी म्हटलं, आहे, पण तुझ्यावर नाही. तिचा ब्लाऊज तिने त्या दिवशी फिटिंग न बघताच नेला.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं एका साहेबाने. नागपूरकडे चाललेली गाडी थांबवून तो जाकिटाची चेन बदलायला आला होता. त्या जाकिटाला पुढे, मागे, आत, बाहेर इतके खिसे होते की शिवणाऱ्याची मला कीव आली. मी चेन उसवत होते तेवढ्यात त्याने एका खिशातून डबी काढून काउंटरवर उघडली. आत पन्नासेक किडे बसलेले. मी पायातली चप्पल काढली. तो म्हणाला, अहो मारू नका, नकली आहेत.

मग त्याने मला सगळं समजावलं. तो सुटीत हिमाचलात जाऊन नदीवर मासे धरायचा. गांडूळ नाही, पीठ नाही, नुसता हा खोटा किडा दोरीला बांधून पाण्यावर अलगद टाकायचा. तो बुडत नाही, तरंगतो. माशाला वाटतं वरून माशी पडली आणि तो तोंड उघडून वर येतो. याला म्हणतात ड्राय फ्लाय. सगळा खेळ पंखांचा, तो म्हणाला. पूर्वी पिसांचे पंख लावत. पण पीस पाणी पितं, मोडतं, म्हणून आता तो नकली धाग्यांचे, कापडाचे लावायचा. माझ्याकडे ऑर्गेंझाच्या, त्या आरपार दिसणाऱ्या कडक कापडाच्या, चिंध्या असतील तर त्याला हव्या होत्या. मी मूठभर दिल्या. चिंध्या मागायला येणारा गाडीवाला मी पहिल्यांदाच पाहिला. जाताना त्याने एक पंख तुटलेली जुनी माशी आणि चार बारके गळ माझ्या हातावर ठेवले.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की आज दुकानात एकाने सुकी माशी दिली. आमच्याकडे 'शी'ची 'सी' होते आणि नवऱ्याचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये असतं. त्याने ऐकलं सुकी मासोळी. जेवताना ताटात बघून म्हणाला, मग वांग्यात का नाही टाकली?

हा विषय तिथेच संपला असता, पण मध्ये माझा बाप आला.

माझं माहेर करडीच्या बाजूला, तलावाच्या पाळीखालचं, म्हणजे बांधाखालचं, गाव. आमचं घराणं मासे धरणारं. बाबाने साठ वर्षं त्या तलावात जाळं टाकलं. पाण्याकडे नुसतं बघून तो सांगायचा की इथे काय आहे आणि किती आहे, आणि चुकला तर पाण्यालाच शिव्या द्यायचा. आई जाऊन दोन वर्षं झाली. मी एकुलती एक. मागच्या उन्हाळ्यात बाबा पाळीवरून घसरला आणि कमरेला मार लागून दोन तास तिथेच पडून राहिला. शेजारच्याची म्हैस चुकली नसती तर त्याला कुणी बघितलंही नसतं. मी धावत गेले तर मला म्हणतो, मले उठाची घाई नव्हती, मासोऱ्या पाहून राहिलो होतो.

डॉक्टरांनी पाण्यात उतरायला मनाई केली. तेव्हापासून मी त्याच्या मागे लागले होते की आता लाखनीला चल, आमच्याकडे राहा. मला खरंच भीती वाटायची. सकाळी त्याचा फोन उशिरा उचलला गेला की माझ्या हातातली कात्री थांबायची. आणि तो? दरवेळी नवं कारण. लाखनीत धूळ आहे. लाखनीत तलाव नाही. तुमच्या नळाच्या पाण्याला चव नाही. आणि शेवटचं, हुकमाचं कारण म्हणजे लेकीच्या घरी राहणं शोभत नाही. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण तो मला इतक्यांदा ऐकवायचा की मला वाटायचं त्यानेच केली असावी.

पोळ्याला मी माहेरी गेले. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीत पोरांच्या लाकडी नंदीबैलांची खडखड चालली होती आणि मी घरात बाबाशी भांडत होते. तो खाटेवर, मी खाली जमिनीवर, कोपऱ्यातल्या भरलेल्या चुंगडीला टेकून. चुंगडी म्हणजे आमच्याकडचं धान-तांदळाचं पोतं; हल्ली पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेलं येतं. मी म्हटलं, तुझा जावई स्वतः तुला न्यायला यायला तयार आहे. तर म्हणतो, "घरजावई आयकला होता. तू मले घरसासरा करून राहिली."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. विषय बदलायला म्हणून मी पर्समधून साहेबाची माशी काढून त्याच्या हातावर ठेवली. याने मासा धरतात, म्हटलं. बाबाने ती उलटी केली, सुलटी केली, वास घेतला, आणि मग खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, हिमाचलातल्या मासोऱ्या शिकलेल्या नसतील, आपल्या तलावातल्या चार बुकं जास्त शिकलेल्या आहेत. मीही त्याचीच लेक. मी म्हटलं, लाव पैज.

तो कोपऱ्याकडे, माझ्याकडे आणि मग बाहेर बघून म्हणाला, "खोट्या मासीले आपल्या तलावातली मासोरी लागली त मी तुह्या घरी राहाले येतो. कायमचा. हलका निघेपर्यंत मुदत. नाई लागली त पुन्हा हा विषय काढाचा नाई."

हलका म्हणजे हलका धान, लवकर येणारा. दसरा झाला की तो कापायला येतो. भारी धान दिवाळीनंतर. म्हणजे माझ्या हातात दीड महिना होता. आणि बाबाने अटीही घातल्या. काठी त्याची, तलाव तोच, मासा किडे टिपायला वर येतो ती सांजेची वेळ. आणि माशीत जिवाचं काहीच नको. पीस नाही, केस नाही, पिठाचा वासही नाही. सगळं खोटंच पाहिजे. मी हो म्हटलं. हरले तर त्याला त्या घरात एकटं सोडून द्यायचं कबूल करून मी बसले होते, हे मला लाखनीच्या बसमध्ये बसल्यावर कळलं. माझा राग नेहमी बस सुटल्यावर उतरतो.

शिंपिणीला एक बरं असतं, चिंध्यांची वाण नसते. मी दुकानात काउंटरमागे पाण्याने भरलेली परात ठेवली आणि एकेक कापड पंख म्हणून लावून पाहू लागले. मशीनच्या पायाखाली गळ दाबायचा, तपकिरी रिळाचा धागा त्याच्या दांडीवर गुंडाळायचा, पाठीवर दोन पंख उभे बांधायचे, गाठीवर नेलपॉलिशचा ठिपका आणि सोडायची परातीत. मोबाईलवर गोरे लोक हेच काम भिंगाखाली करताना दिसायचे. त्यांच्याकडे वीस प्रकारची हत्यारं, माझ्याकडे सुई.

पहिली लावली साटनची फीत. काय देखणी माशी झाली. परातीत टाकली तर सरळ तळाला जाऊन बसली. साटन पाणी पितं. मग स्वेटरची लोकर लावली, नकलीच, ॲक्रिलिकची. ती थोडा वेळ तरंगली, मग फुगली, मग बुडाली. नेटचं कापड घेतलं तर त्याच्या भोकाभोकांत पाण्याचे थेंब अडकून बसले आणि माशी कुशीवर झाली. जुन्या छत्रीचं नायलॉन बरं निघालं, पण ते काळं, आणि काळ्या पंखाची माशी संध्याकाळच्या पाण्यावर मलाच दिसेना, तर काठी कधी ओढायची ते कसं कळणार? नवऱ्याने परातीत डोकावून विचारलं, आज कोण कोण बुडालं? मी त्याला जेवायला वाढताना भात कमी वाढला.

मग मला सापडला फोम. आता हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. पॅडेड ब्लाऊजमध्ये जे कप बसवतो, त्याचे काप काढून मी पंख लावले. पांढरा, मऊ, कापसासारखा हलका. परातीत अशी काही तरंगली ती माशी की मी बोटाने दाबून खाली नेली तरी टुणकन वर. मला वाटलं, जिंकले. साडीच्या नव्या पिशवीतलं चकचकीत प्लास्टिक कापून त्याच्याही दोन केल्या आणि रविवारी करडी गाठली.

बाबा पाळीवर दगडावर बसला होता, हातात त्याची जुनी बांबूची काठी, तिला मी नायलॉनची बारीक दोरी बांधली. त्याने पाण्यात उतरायचं नव्हतं, पण बसून टोमणे मारायला डॉक्टरांनी मनाई केली नव्हती. आधी मी प्लास्टिकच्या पंखांची माशी टाकली. काठी मागे घेतली की पंख भुर्र वाजायचे. पाण्यावर पडली तर लख्ख चमकली. बारक्या पांढऱ्या मासोळ्या वर आल्या, तिच्याभोवती फिरल्या आणि परत गेल्या. बाबा म्हणाला की आरशात तोंड पाहून गेल्या.

मग फोमची काढली. पाचसहा वेळा छान तरंगली. पण परातीत एकदा सोडणं वेगळं आणि तलावावर पुन्हा पुन्हा आपटणं वेगळं. फोमने हळूहळू पाणी भरून घेतलं आणि ती जड होऊन धपकन पडायला लागली. मी ती सोडून दगडावर ठेवली. बाबाने उचलली, दोन बोटांत दाबली, पाणी पिळलं, पुन्हा दाबली.

"हे काय होय वो बाई?"

"गादीचा फोम आहे गा बाबा."

त्याने पुन्हा दाबून पाहिलं. म्हणाला, चांगल्या घरची गादी दिसते. मी तलावाच्या त्या काठाकडे बघत राहिले. आजपर्यंत मी बापाशी खोटं बोलले त्यात हे सगळ्यात आवश्यक होतं.

निघताना तो मला पाळीखालपर्यंत सोडायला आला, काठी टेकत. मी विचारलं, आता पंखाला काय लावू ते तूच सांग. पैज लावणाऱ्यालाच युक्ती विचारण्याइतकी मी बेशरम झाले होते. त्याने एकच वाक्य सांगितलं.

"हलक्यातलं लाव."

आता इथे माशी शिंकली. मला वाटलं, हलक्यातलं म्हणजे वजनाला हलकं. सगळ्या चिंध्यांत हलकी ऑर्गेंझा, पण माझ्याकडची जाडसर, कॉलर-बाह्यांना लावायची. बाबा म्हणतोय म्हणजे याहून हलकी पाहिजे. मंगळवारी दुकान बंद ठेवून मी भंडाऱ्याला साड्यांच्या मोठ्या दुकानात गेले. गादीवर चप्पल काढून बसले आणि सेल्समनला म्हटलं, ऑर्गेंझात सगळ्यात हलकी दाखवा.

त्याने माझ्याकडे एक नजर टाकली आणि आतल्या पोराला हाक मारून सेलचा गठ्ठा मागवला. डाग पडलेल्या, काठ उसवलेल्या, देण्याघेण्यातल्या साड्या. माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, दादा, मी हलकी म्हटलं, हलकी म्हटलं नाही. तो बिचारा गोंधळला. मी उभी राहून त्याला समजावलं की वजनाला हलकी, दर्जाला नाही. माणसाच्या तोंडाकडे बघून कापड काढायचं असेल तर दुकानात आरसे लावू नका. शेजारी बसलेल्या नवरीच्या आईने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग कपाटातून अशी ऑर्गेंझा निघाली की हातावर घेतली तर हात कोरा दिसावा. मी वीतभर कापून मागितली. सेल्समनने मालकाकडे पाहिलं. मालकाने ब्लाऊजपीस म्हणून कापून दिली, बहुतेक मी जावं म्हणून.

हलकी या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे मी त्या दुकानात चारचौघांसमोर ओरडून सांगितलं होतं. पण बाबाच्या तोंडी त्यातला कुठला होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शहाणं माणूस दुसऱ्याला शिकवतं तेव्हा स्वतः सुटीवर असतं.

मधले दोन रविवार दसरा-दिवाळीच्या शिलाईत गेले. पंख मात्र सुरेख झाले. कडा उसवू नयेत म्हणून मी त्या मेणबत्तीवर नुसत्या धरून वितळवल्या, शिरांसारख्या रेघा पेनाने ओढल्या. नवरासुद्धा म्हणाला की ही उडून जाईल, खिडकी लाव. दसरा होऊन गेला होता. पुढच्या वेळी करडीला जाताना बसच्या खिडकीतून दिसलं की हलका धान बहुतेक बांध्यांत, शेताच्या तुकड्यांत, कापून पडलाय. मुदत संपतच आली होती. मी मांडीवरची डबी दोन्ही हातांनी धरून बसले.

तलावावर वारा नव्हता. मासोळ्या वर येऊन बुडबुडे सोडत होत्या. मी काठी मागे घेतली, पुढे टाकली, आणि ते सुरेख कडक पंख हवेत पंख्यासारखे गरगर फिरले. माशी फिरली, तिच्याबरोबर दोरी फिरली, आणि चौथ्या वेळेला दोरीला इतका पीळ बसला की ती माझ्याच वेणीत गुंतली. पाचव्या वेळेला गळ बाबाच्या धोतरात. तो शांतपणे म्हणाला, "लागली. पन मासोरी नाई, म्हातारा होय."

मी दगडावर बसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवलं नाही. म्हटलं, तूच हलक्यातलं म्हणालास, मी अख्ख्या भंडाऱ्यात याहून हलकं कापड ठेवलं नाही. बाबाने धोतरातून गळ सोडवला, ऑर्गेंझाचा पंख उजेडात धरून पाहिला.

"हे त भारी कापड होय वो. मी हलक्यातलं म्हटलो, हलक्यातलं. कुनी फेकून देते थे."

मी तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. तोंडावर माशी बसली असती तर ती खरी असती. मग बाबा उठला, "चाल घरी" म्हणाला, आणि मी काठी घेऊन त्याच्यामागे गेले.

घरात तो थेट कोपऱ्यातल्या त्या भरलेल्या चुंगडीपाशी गेला. तिचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं. बांधलेल्या तोंडाच्या वरची कड त्याने पकडली आणि तिची एक पांढरी पट्टी सर्रकन ओढून काढली. मी म्हटलं, अरे तांदूळ सांडेल. तो म्हणाला, नाई सांडत. पट्टी माझ्या हातात देऊन त्याने सांगितलं की चुंगडी तलावात पडली तर महिना महिना वर तरंगते, सडत नाही, बुडत नाही, त्याच्या जाळ्यात अडकून अडकून तिने गेली कित्येक वर्षं त्याचं डोकं खाल्लंय. आणि दुसरं असं की मासोळी माशीला खालून पाहते. तिला शिरा दिसत नाहीत, रंग दिसत नाही, वर उजेडात काहीतरी फडफडतंय एवढंच दिसतं. मी जे पंख करत होते ते वरून पाहणाऱ्या बायांसाठी होते.

शिंपिणीला यापेक्षा वाईट कुणी काही बोललेलं नाही, आणि ते खरं होतं.

मी पट्टी सुईने उभी चिरली. चिरत गेले तसे तिचे केसांसारखे तंतू सुटले. कंगव्याने विंचरतात तसे सुईने विंचरले आणि त्यांचा झुबका गळावर आडवा बांधला. दोन्ही बाजूंना पांढरा भुरका पिसारा, ना धड पंख ना धड झाडू. इतकी घाणेरडी माशी मी सबंध दीड महिन्यात बांधली नव्हती. गाठीवर नेलपॉलिश लावलं, ते वाळेपर्यंत बाबाने फुंकर घातली.

पाळीवर परत आलो तेव्हा सूर्य टेकला होता. मी काठी टाकली. माशी फिरली नाही, वाजली नाही, चमकली नाही. पाण्यावर पडली आणि तशीच बसून राहिली, पांढरा ठिपका मला स्पष्ट दिसत होता. बाबा उभा होता. मी कधी पाहिलं नव्हतं इतका एकटक तो त्या ठिपक्याकडे बघत होता. मग ठिपक्याखाली पाणी हललं, एक चिमुकलं तोंड उघडलं, ठिपका गेला. बाबा ओरडला, ओढ. मी ओढली. दोरीच्या टोकाला बोटाएवढी चांदीची मासोळी हवेत नाचत माझ्या पदरावर येऊन पडली.

मी पाळीवर नाचले. पन्नाशीच्या बाईने नाचावं तसं नाही, तान्ह्या पोळ्याच्या पोरांसारखं. बाबाने मासोळी तळहातावर घेतली आणि हरलेल्या माणसाला शोभेल अशी हुज्जत घातली. ही काय मासोरी आहे, हिच्या आईला आणायला हवं होतं. मुदत कालच संपली. मी बांधीकडे बोट दाखवलं, एक तुकडा अजून उभा होता. त्याने तो बराच वेळ पाहिला, मग गळ अलगद काढून मासोळी पाण्यात सोडली आणि म्हणाला की हरलो. त्याच्या तोंडावर हरल्यासारखं काही नव्हतं, पण मी जिंकण्यात इतकी दंग होते की तिकडे लक्ष दिलं नाही. नवऱ्याला फोन करून मी तिथूनच सांगितलं, घरसासरा येतोय.

चौथ्या दिवशी बाबा लाखनीला उतरला. एसटी दुकानासमोरच थांबते. कंडक्टरने दारातून सामान खाली दिलं, जाळ्याची एक गुंडाळी, बांबूची काठी आणि एक पांढरी चुंगडी. मी कात्री टाकून धावले. चुंगडी उचलायला वाकले आणि हलकीच लागली. तांदूळ एवढा हलका नसतो. तोंडाची सुतळी तीच, तिच्यावर गेल्या वर्षीच्या धुळीसारखी घरातली जुनी धूळ, आणि कडेला एक पट्टी ओढून काढल्याची भेग.

मी ती दुकानातच, काउंटरवर ठेवून सोडली. वर त्याचं चांगलं धोतर, त्याच्याखाली स्वेटर, घोंगडी, आणि घोंगडीत गुंडाळलेला आईचा फोटो. तान्ह्या पोळ्याला मी ज्याला टेकून दोन तास भांडले होते, ते हे होतं. पाठीला इतकं मऊ लागलं होतं आणि मी, हात लावून कापड ओळखणारी बाई, त्याला तांदूळ समजले होते.

बाबा दुकानातल्या स्टुलावर बसून समोरचे ट्रक बघत होता. मी विचारलं, ही कधी भरली होती गा?

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "पोळ्याच्या आदीपासूनच बांधून ठेवली होती, बाई. तुह्या मासीलेच पंख फुटून नव्हते राहिले."